पाच शेळ्यांची नावं

प्रिय सेगामेत्सी,

अभिनंदन कर माझं! तुझे दाजी मागच्या तपासणीत पुन्हा पास झाले. लष्कराची ती गाडी मोपानीच्या रानात बिळात चाक जाऊन उलटली, तेव्हा आमचे ड्रायव्हरसाहेब पाळी नव्हती म्हणून मागे रेशनच्या पोत्यांवर झोपले होते. चालवणाऱ्याला खरचटलंसुद्धा नाही, उलट बढती मिळाली. झोपलेल्याचं डोकं फुटलं.

तेव्हापासून आठवण तपासायला डॉक्टर दर वेळी तेच पाच शब्द सांगतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि मग म्हणतात, म्हणून दाखव. नापास झाला तर नोकरी गेली, छावणीतलं घर गेलं, म्हणून तू नर्स असून ते शब्द मला हळूच कळवलेस. मी त्याच्याकडून घोकून घ्यायला बसले. सकाळी पाठ, दुपारी कोरी पाटी! शेवटी सासूबाईंनी डोकं लढवलं. ‘माझा ओलेबिले माणूस विसरेल, जनावर विसरायचा नाही,’ म्हणाल्या आणि पाच शेळ्यांना तीच नावं ठेवून मोकळ्या झाल्या. खुर्ची, पावा, लिंबू, खिडकी, टोपी. अख्ख्या वस्तीत हसं झालं, पण आठवड्यात पठ्ठ्या घडाघडा म्हणायला लागला. दवाखान्यातून परतताना मला विचारतो कसा, ‘डॉक्टरला शेळ्या घ्यायच्यात का गं? सगळ्यांची नावं विचारत होता.’ मी पोट धरून हसले.

आता हसू येत नाही. शेळ्या डोक्यात शिरल्या आणि पोर बाहेर पडली. मासेगोला तो ‘खुर्ची’ म्हणून हाक मारतो. ती बिचारी ओ देते. मासेगो झाल्यापासून मला तरी इथे गाओने म्हणून कोण ओळखतं? मी मासेगोची आई. तिचं नाव गेलं, तसं माझंही गेलं. सासूबाईंपाशी रडले तर म्हणाल्या, ‘नावाचं काय लोणचं घालायचंय? पगार येतोय ना?’ त्यांचंही बरोबर आहे मेलं. ज्वारीची कांजी पगारावरच शिजते.

रविवारी मामांची गाडी घेऊन आम्ही पाणी आणायला निघालो. तोच चालवत होता, झकास चालवत होता. मासेगो मागे पिंपांजवळ बसली होती. वळणावर समोरून ऊन आलं. उन्हाने त्याचं डोकं ठणकतं, हे त्याने दवाखान्यात तुम्हाला कधी सांगितलं नाही, मीच सांगू दिलं नाही. त्याने दोन्ही हात डोळ्यांवर घेतले, सेगा! दोन्ही! गाडी वारुळावर चढली. पोरीचे पुढचे दात गेले, हनुवटी फाटली. त्याने तिला उचललं, शर्टाने रक्त पुसलं, छातीशी धरलं आणि म्हणाला, ‘रडू नको खुर्ची, तुला कोल्ह्याने नाही ना धरलं?’

बुधवारी शेवटची तपासणी आहे. पास झाला तर गाडी पुन्हा त्याच्या हातात आणि मागच्या फळीवर कुणाकुणाची पोरं. म्हणून हे पत्र. शब्दांचा दुसरा कागद तुमच्या कपाटात असतो, तूच म्हणाली होतीस. बुधवारी तो डॉक्टरांपुढे ठेव. घर जाईल, जाऊ दे. सासूबाई मला जन्मभर शिव्या देतील, देऊ देत. तो मात्र खुर्ची, पावा सगळं न अडखळता म्हणेल आणि शाबासकीसाठी तुझ्याकडे बघेल. तेव्हा तुला दया येईल. येऊ देऊ नकोस. चुकलं एवढं कळण्यापुरतं डोकं अजून शिल्लक आहे त्याचं, म्हणून खूप रडेल. मी त्याला काहीच सांगितलेलं नाही. आज संध्याकाळीही शेळ्या आत घेताना तेच जुने पाच शब्द म्हणून घेतले. एकही चुकला नाही. मी पाठ थोपटली आणि शाबास म्हणाले.

तुझीच,
खुर्चीची आई