आडवी झाले की नाहीसा होणारा आजार

ती. दादास,

डाव्या पायाने परवानगी दिली तेवढं वाकून नमस्कार. तुझा रक्तदाब, वहिनीचे गुडघे आणि तुमच्या दोघांतला अबोला, सगळं जागच्या जागी असेलच.

पत्रास कारण, मी निर्दोष सुटले! माझी पोटरी खरोखरच दुखते. तीस वर्षं तुम्ही सगळे (पुढाकार तुझा) मला कामचुकार म्हणत आलात, ते खोटं असल्याचं आता लेखी मिळालंय.

झालं असं, की आजवर जितके डॉक्टर झाले, त्यांनी आधी मला आडवं व्हायला सांगितलं. आणि आडवी झाले की पोटरीवरची सूज गायब! एकाने कॅल्शियम दिलं, एकाने वजनावर बोट ठेवलं, तिसऱ्याने घरात काही ताण आहे का, म्हणून विचारलं. (ताण शेजारीच उभा राहून मान डोलावत होता.) या नव्या सर्जनबाई मात्र फोनवर बोलत होत्या, त्यामुळे मी दहा मिनिटं नुसती उभी. फोन ठेवून बघतात तो पोटरीवर लिंबाएवढा निळसर फुगवटा! बाई अशा हरखल्या, की मला वाटलं आता टाळ्या वाजवतात. मग सहा शिकाऊ डॉक्टर बोलावले आणि प्रत्येकासाठी मी एकदा आडवी, एकदा उभी.

तर स्नायूच्या आत जन्मापासून शिरांचा गुंता आहे. उभं राहिलं की रक्त साठून फुगतो, आडवं झालं की रिकामा. बाईंनी आधी इंजेक्शनं देऊन पाहिली, त्यांनी तो फक्त रुसला. आता थोड्या स्नायूसकट कापूनच काढणार. ऑपरेशनच्या टेबलावर आडवी झाले की सापडायचा नाही, म्हणून आधी उभं करून जांभळ्या पेनाने त्याची हद्द आखतात. पाय पूर्वीसारखा चालेल ना, असं मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "पूर्वी कुठे धड चालत होता?" अशी बाई मला फार उशिरा भेटली रे! मी इतकी खूश आहे, की भीती कशाशी खातात तेही आठवत नाही.

वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी बहीण

ता. क. ती जांभळी हद्द दोनदा आखून झाली आहे. दोन्ही वेळा मी बाथरूमला म्हणून गेले ती टॅक्सीने घरी आले.

ता. क. २ : बाई म्हणतात, तिसऱ्यांदा सोबत घरचं माणूस हवं, आणि ते माझं ऐकणारं नको. आमच्याकडे हे बाद झाले. तेव्हा तूच ये. सोमवारी सकाळी सात, हॉस्पिटलात. दाराशी खुर्ची टाकून बस. निघालेच तर घाईने उठू नकोस, या पायाने मला जिन्यापर्यंत पोचायलाही वेळ लागतो.