महिपतचे पाय

कल्याण,
रविवार, ता. ११ नोव्हेंबर १८९४

प्रिय जोसेफिनबाय,

देवाच्या कृपेने मी खुशाल आहे. तुम्हां ठाण्याच्या मंडळींची खुशाली कळवत जा. तुझं पत्र आणि सुके बोंबील, दोन्ही पोचले. बोंबील संपलेसुद्धा.

तू विचारतेस, कारखान्यातला कारकून फुटबॉलवाल्यांचा एजंट कसा झाला? अगं, ही खोड माझ्या डोळ्यांची. मी माणसाचं तोंड नंतर बघतो, तो काम कसं करतो ते आधी. चेंदणीच्या बंदरावर दामाजी कोळी होडीतून फेकलेली माशांची टोपली न बघता झेलायचा. म्हटलं, हा चेंडू का नाही झेलणार? नेऊन कारखान्याच्या साहेबासमोर उभा केला. आज दामाजी गोलात असला की चेंडू आत जात नाही! साहेबाला आपला संघ उभा करून गोऱ्या पलटणीला हरवायचं होतं. मग माणसं मीच शोधायची, त्यांच्या वतीने मीच बोलायचं, पावसाळाभर त्यांना कारखान्यात पगारी काम मिळवून द्यायचं, असं ठरूनच गेलं.

कळव्याचा महिपत आगरी असाच सापडला. मिठागरात वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात, ते मी बांधावर बसून तासभर बघितलं. चिखलात बाकीचे घसरत होते, हा नाचत होता. तळवे असे की शिंपला टोचू नये. मी हात लावून बघायला गेलो तर लाजून पाय मागे घेतला. पावसाळ्यात मिठागर बंद, आणि फुटबॉल तेव्हाच. मला वाटलं, केवढी सोय!

पलटणीला आम्ही दोन गोलांनी हरवलं. दोन्ही महिपतचे. साहेबाने खूश होऊन मला हेडक्लार्कशेजारची खुर्ची दिली, हे मागे लिहिलंच होतं.

एक लिहिलं नव्हतं. साहेबाने विचारलं होतं, "अनवाणी माणसं मला नकोत. हा बूट घालील ना?" मी म्हटलं, "घालील." महिपत दहा पावलांवर उभा होता. त्याला विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "जोडा घातला का मना भुई कलत नाय, भाऊ." मी म्हटलं, "सवय होईल रे." झालीही. चार महिने कामावर बूट, मैदानात बूट. जगाचे पाय न्याहाळणाऱ्या मी त्याचे तळवे एकदाही बघितले नाहीत.

तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ होती: महिपत खाटेवर आहे, पायांना चिंध्या बांधल्यात. ती वाचून मी पत्राची घडी घातली आणि आठ दिवस ठरवत राहिलो, उत्तरात फक्त बोंबलांचं लिहू. काल दामाजीने सगळं सांगितलं. दिवाळीनंतर महिपत वाफ्यात उतरला आणि बुटांत मऊ पडलेले तळवे तिसऱ्या दिवशी फाटले. वर मीठ. त्याची बायको तुळसा एकटीच तुडवतेय. पंधरवड्यात तळ तयार झाला नाही तर मालक वाफे दुसऱ्याला देणार. मी साहेबाकडे गेलो. तो म्हणाला, "पाऊस संपला, काम संपलं." ठरलं तसंच होतं, आणि ठरवणारा मीच होतो.

बाय, राहून राहून मनात येतं, किती झोंबत असेल? फाटायच्या आधी माणसाला कळतं का? त्याला विचारायला मला तोंड नाही.

रजा मिळाली नाही, तरी बुधवारी सकाळच्या गाडीने येतो. खुर्ची गेली तर जाऊ दे. तुळसाच्या शेजारी वाफ्यात उतरायचं मनात आहे. माझे तळवे महिपतच्या आताच्या तळव्यांहून कोवळे, तेव्हा खोबरेल आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या काढून ठेव.

पण हे पत्र मिळताच होडीने कळव्याला जा आणि महिपतला विचार, मी उतरलेलं त्याला चालेल का. काय म्हणतो ते मला दारातच सांग. हो म्हणाला, तर बूट तिथेच काढीन. नाही म्हणाला, तर ते "नाही"ही मी ऐकून घेईन.

न विचारता हो म्हणून बसलेला
तुझा भाऊ,
मार्सेल