एकादशीची भरती

बाबा,

१. गेल्या महिन्यात मी आणि आई कोकणात किनाऱ्याने चालायला गेलो होतो.
२. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला एक खाडी पायी ओलांडायची होती. ओहोटीची वेळ मी मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून काढली होती.
३. त्या वेळी खाडी भरलेली होती. मी कमरेपर्यंत भिजले. आई काठावर होती, कोरडी.
४. दुपारी अडीचला आम्ही गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलो.

तुम्ही गेल्याला नऊ वर्षं झाली. निवृत्तीनंतर तुम्ही दोघं दर हिवाळ्यात आठवडाभर असे चालायचात, गेल्या वर्षी जिथे थांबलात तिथून पुढे. दिवसाला आठ किलोमीटर. वाटेत कोणी चहाला बोलावलं तर तेवढेही नाही. मला तेव्हा तो आळस वाटायचा. आता नोकरीत काही वर्षं काढल्यावर कळतं, इतकं सावकाश चालायला किती नीट ठरवावं लागतं. मला अजून दिसतं: विश्रांतवाडीच्या स्वयंपाकघरात तुम्ही कॅलेंडरसमोर उभे आहात, हातात पेन्सिल. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ. हे तुम्हाला पहिल्याच वर्षी एका कोळ्याने शिकवलं होतं. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाले, "बाबा, हे नुसते अंदाज आहेत." तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. "म्हणून आम्ही आधी काठावर जाऊन बसतो. अचूक माणसं थेट पाण्यात शिरतात." आई पोळ्या लाटताना हसली. मला राग आला होता.

त्या सकाळी आई काठावरून म्हणाली, "ये बाहेर. एकादशी आहे आज." उपासाचा इथे काय संबंध, मला कळेना. "अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार. सव्वाआठची भरती. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. आता अडीचशिवाय काही नाही."

"आधी का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कुठे? वाटलं, मोबाइलला माहीत असेल."

मग तिने चपला काढल्या, सुरूच्या सावलीत पंचा अंथरला, शेंगदाण्याचे लाडू काढले आणि साडेपाच तास बसली. मी काढलेल्या वेळेचा विषय एकदाही काढला नाही. मी पाणी उतरताना पाहत होते. आधी एक खडक दिसला, मग त्याच्याभोवती वाळू, मग पलीकडून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन सरळ चालत आली.

पुढचा टप्पा आईला एकटीने करायचा आहे. ती सत्तरीला आलीय. "आधी एकदा माझ्याबरोबर चल, मग ठरवू," असं मीच म्हणाले होते. परीक्षा तिची आहे, असं मी धरलं होतं. "मी परवानगी मागत नाहीये," ती म्हणते, "पण तू इथे रोज धास्तावून बसणार असशील, तर मला तिथे चालवणार नाही. रविवारी सांग."

तक्ताच चुकीचा होता, असं मी तिला सांगितलं. तक्ता बरोबर होता. त्यातली वेळ ग्रीनिचची होती. साडेपाच तास मिळवायला मी विसरले. हे अजून तिला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर तिला अडवायला माझ्याकडे नुसती भीती उरते. तुम्ही काढलेल्या सगळ्या फोटोंत ती पाठमोरी आहे, बरीच पुढे गेलेली. इतकं पुढे तुम्ही तिला कसं जाऊ द्यायचात, एवढंच विचारायचं आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.