साहेबांनी जेवण सोडलं

४ मार्च
साहेबांनी आजही ताटलीला तोंड लावलं नाही. साहेब म्हणजे ताईचा कुत्रा. सगळं हातात लागायचं म्हणून तिनेच ठेवलेलं नाव. या घरात आम्ही दोघीच; गेल्या महिन्यात ताई गेली आणि हा माझ्या गळ्यात पडला. भाचीचा फोन — "मावशी, तो आईसाठी झुरतोय गं. त्याला जरा वेळ दे." देते! चष्म्याच्या दुकानात काचांचा ढीग पडलाय, पण देते.

५ मार्च
फिरायला नेलं तर कोपऱ्यावरच बसला. उचलून आणावा लागला. दुकानाचे मालक म्हणाले, "मुकं जनावर, पण माया बघा!" ताई गेल्यावर मी लगेच कामावर हजर झाले तेव्हा मला 'खंबीर' म्हणाले होते. ते कौतुक होतं की टोमणा, अजून कळलं नाही.

८ मार्च
ताईचा स्वेटर त्याच्या अंथरुणावर टाकला. त्यावर मान टाकून पडलाय. ताई गेली तेव्हा मला रडू आलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. घरात निदान एक जण तरी रीतसर दुःख करतोय म्हणून बरं वाटलं — आणि थोडा रागही आला. त्याच्या कानामागे मस आलाय. वय झालं.

१० मार्च
नुसतं पाणी प्यायला.

११ मार्च
सकाळी स्वेटरवर रक्त. नाकातून! तसाच टॅक्सीत घातला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलायला फटकळ. मी म्हटलं, मालकीण गेल्यापासून खिन्न आहे हो. त्यांनी आधी ताप बघितला. एकशे चारच्या वर! ओठ उचलून हिरड्या दाखवल्या — पांढुरक्या. पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. मग तो मस चिमट्यात धरला, अगदी कातडीलगत, आणि सरळ ओढून टेबलावर ठेवला.

त्या मसाला पाय होते.

"गोचीड आहे. मानेवर औषधाचे थेंब शेवटचे कधी घातले?"

ताई घालायची, दर महिन्याला. सुट्टीच्या दिवशी कंगवा घेऊन त्याचा केस न् केस बघायची, आणि मी वर्तमानपत्रामागून हसायचे. ती अंथरुणाला खिळल्यावर थेंब कुणाच्या लक्षातही राहिले नाहीत.

"खिन्न होतातही कुत्री," बाई म्हणाल्या, "पण आधी ताप बघायचा, मग तसं म्हणायचं."

लोकांच्या नजरेतला पाव नंबरचा फरक पकडणारी मी! गोचीड मात्र दिसली नाही. त्यांनी रक्त तपासलं. गोचिडीच्या चाव्यातून आलेला ताप, प्लेटलेट्स तळाला गेल्यात. वाचेल का, विचारलं. "उद्या-परवा कळेल." ठेवून घेतलाय.

१२ मार्च
दवाखान्यातून फोन नाही. एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली. भाचीला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "झुरतोय असं मीच तुझ्या डोक्यात घातलं ना?" दोघीही शहाण्या!

१४ मार्च
ताप उतरला. घरी आणला. गोळ्या महिनाभर, खाण्यावरच द्यायच्या, दुधातून नाही — दुधाने औषध नीट लागू पडत नाही. "चार दिवसांत उड्या मारायला लागेल, तेव्हा गोळ्या बंद कराव्याशा वाटतील. करायच्या नाहीत!" घरात पलंगाखाली, भिंतीच्या फटींत फवारणी. गोचीड बोटांनी चिरडायची नाही. ताईचा कंगवा सापडेना, नवा आणला.

१८ मार्च
जेवला! ताटली चाटत चाटत पार दारापर्यंत ढकलत नेली. वर माझी चप्पल कुरतडली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळभर काहीतरी खुपत राहिलं. म्हणजे तो ताप होता. नुसता ताप. ताईसाठी या घरात कुणीच झुरत नव्हतं.

२ एप्रिल
रक्त पुन्हा तपासलं. बाई म्हणाल्या, "सुटला." गोळ्या चालूच ठेवायच्या.

१३ एप्रिल
शेवटची गोळी. साहेब गुटगुटीत झालेत.

१६ एप्रिल
आज साहेब ताईच्या खोलीत गेला. पलंगाभोवती फिरला, उशी हुंगली, कपाटामागे डोकावला, मग दाराशी येऊन बसला. जेवायला हाक मारली. उठला नाही. ताप बघितला — नाही. हिरड्या गुलाबी. पोट स्वच्छ. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली केस पसरून पसरून बघितलं. काही नाही. सगळं पुन्हा एकदा बघितलं. मग तिथेच त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि मोठमोठ्याने रडले.