सुपारीचा कप्तान

आई, दादाचं नवं घर झालं. मालेतच, जुन्या जागेच्या वरच्या अंगाला. खाली ते राहणार, वर भाडेकरू. ओट्याला काळा ग्रॅनाइट, देवघराला काचेचं दार. आता काचेच्या दारामागे काळवंडलेले देव कसे शोभणार, म्हणून दादानं देवही नवे करायचं काढलं. मला फोन आला तेव्हा मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत होते. म्हणाला, "चांदीचं टाक टाकलेत पुन्याच्या सोनाराकडं. जुनं पान्यात सोडायचं." मी विचारलं, "सगळे?" तर म्हणे, "सगळं. वीर सुदिक." डबा तसाच झाकून ठेवला. का, ते तुला माहीत आहे. तुलाच माहीत आहे, म्हणून हे तुला लिहितेय. बाकी कुणाला सांगायची सोय तू ठेवली नाहीस.

कारण तो वीर आपला नाहीच. तो माझा आहे.

तू तेव्हा कोळवणला जायचीस, शहरातल्या एका कुटुंबाच्या फार्महाऊसवर स्वयंपाकाला. सकाळी जीपमध्ये कोंबून घेऊन जायचे आणि संध्याकाळी तशीच कोंबून आणायचे. एके दिवशी तू बिस्किटांचा पत्र्याचा डबा पिशवीतून काढलास आणि परातीत उपडा केलास. असा आवाज झाला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. परातीत बोटाएवढे दाढीवाले गडी. बुटके, पोट सुटलेले, कुणाच्या हातात कुऱ्हाड, कुणाच्या हातात हातोडा, कुणाच्या पाठीवर ढाल. तिथल्या बाईंचा मुलगा विलायतेत शिकून आला होता, त्याचा हा तिकडचा नाद, आणि आता माळ्यावर धूळ खात पडलेला. तू म्हणालीस, "बाईसाहेब म्हनल्या टाकून दे. म्या म्हनलं टाकू कशापायी, घरी पोरगी हाय की." मी म्हटलं बाहुल्या आहेत, तर तू हसलीस. "बाहुल्या कशाच्या, गडी हायेत. दाढ्या बघ की त्यांच्या."

अण्णांनी एक उचलून तळहातावर तोलला. त्यांना धरणात मासे धरायचा नाद, डोक्यात कायम जाळं. म्हणाले, "शिसं हाय. वितळवून जाळ्याला लई गोळ्या हुतील." तू पोळपाटावरून मान वर न करता म्हणालीस, "हात तर लावून बघा." अण्णांनी गडी परातीत ठेवला. तो अजून माझ्याकडे आहे, हातोडावाला. त्याला रंगवताना दर वेळी मला अण्णांचा तळहात दिसतो.

त्यांच्यात एक सगळ्यांहून वेगळा होता. पाय दगडावर रोवलेला, कुऱ्हाड खांद्यावर, दाढी गुडघ्यापर्यंत, डोक्याला टोप आणि नाक म्हणजे मध्येच ठेवलेला बटाटा. त्याला मी कप्तान केलं. खिडक्यांना दिला होता तो निळा ऑइलपेंट डब्याच्या तळाशी उरला होता, त्यात काडी बुडवून मी त्याचा अंगरखा रंगवला. अर्धा रंग माझ्या फ्रॉकला लागला आणि तू मला पाठीत धपाटा घातलास, तोही आठवतो. पुढे, मागे, सगळीकडे निळा. माझ्या हातचा पहिला रंगवलेला गडी. पडवीत मी त्यांची फौज लावायची, समोर चिंचोके शत्रू. कप्तान पडला की फौज पळायची, हा नियम मीच केलेला. दादा असल्या खेळाकडे ढुंकूनही बघायचा नाही.

मग घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तू देव घासायला घेतलेस. मोरीवर, पातेल्यात चिंचेचं पाणी. टाक सगळे चांदीच्या पत्र्याचे, वीर तेवढा ओतीव, नाकडोळे झिजून गुळगुळीत झालेला. अण्णांच्या घराण्यातला कुणी लढाईत पडला होता, त्याचा म्हणे तो. तू चिंचेचा चोथा उकिरड्यावर फेकलास आणि देव पुसून ताटात मांडताना बघितलंस, तर वीर नाही. आई, तुझी इतकी पाचावर धारण बसलेली मी आधी कधी पाहिली नव्हती. आपण दोघींनी उकिरडा उपसला, कोंबड्या हाकलल्या, मोरीत हात घातले. नाहीच. आणि सकाळी अण्णांचे थोरले चुलते घट बसवायला येणार, आणि ते म्हणजे देवघरात फूल वाकडं दिसलं तरी घर डोक्यावर घेणारे. मग तू मोरीवरून उठलीस, पडवीत आलीस आणि माझ्या फौजेसमोर उकिडवी बसून कप्तानाकडे बोट केलंस.

"ह्यो दे."

मी दिला नाही. तू घेतलास. रॉकेलचा बोळा आणि राख घेऊन घासायला बसलीस. मी रडत होते, ओरडत होते, की माझा रंग जातोय. तू म्हणालीस, "रंगाचं काय घिऊन बसलीस? तुला हायेत की बाकीचं." आणि वर, "कुनाला सांगितलंस तर बघ." सकाळी चुलत्यांनी त्याला हळद वाहिली, कुंकू लावलं, मागे सरून बघितलं आणि म्हणाले, "वीर कसा लखलखतोय ह्या खेपंला! सुनबाई, हात लागला तुमचा." तू पदर पुढे ओढून घेतलास. हसत होतीस की रडत होतीस, मला दिसलं नाही. मी मात्र दसऱ्यापर्यंत तोंड फुगवून बसले. चुलत्यांचं कौतुक ऐकून तर मला आणखी राग आला.

खरं सांगू? तो राग गेला नाही. तू गेलीस, तुझी वर्षश्राद्धं झाली, माझे केस पांढरे झाले, तरी दर नवरात्रात मालेला गेले की मी देवघरासमोर उभी राहून देवीकडे नाही, त्याच्याकडे बघायची. हळदीकुंकवानं माखलेला, नाकच काय ते वर. घासायची वेळ आली तेव्हा तुझ्या हाताला माझीच वस्तू लागली. माझं तुला काही वाटलंच नाही, असं मी धरून बसले होते.

आता माझं ऐक. तुला वाटेल ही म्हातारपणी बिघडली. पिरंगुटच्या फ्लॅटमध्ये सामान लावताना तो बिस्किटांचा डबा निघाला. सहज फोटो काढून इंटरनेटवर टाकले, तर जगभरातून माणसं गोळा झाली. जुन्या शिशाचे बुटके म्हणजे या लोकांना केवढं अप्रूप! असे गडी जमवणारे, रंगवणारे, टेबलावर लढाया खेळणारे लोक आहेत आई, चांगली नोकरीधंद्याची माणसं. भूगावला एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी जमतात. सगळी हिंजवडीची आयटीतली पोरं, आणि मध्ये मी, चष्मा सावरत फासे टाकणारी ताई. टेपनं मोजून गडी पुढे सरकवायचे, फासे टाकायचे. बुटके हळू चालतात, बाकीच्यांच्या निम्मं. पण जागचे हलत नाहीत. कप्तान जवळ उभा असेल तर फासा वाईट पडला तरी पुन्हा टाकायला मिळतो, म्हणजे फौज सहसा पळत नाही. म्हणजे माझा पडवीतला नियम विलायतेतही होता म्हणायचा! मला किती बरं वाटलं सांगू.

रंगवायलाही शिकले. आधी सगळा जुना रंग काढायचा, मग पांढरा हात, मग बाकीचे रंग. दाढीला तपकिरी देऊन वरून काळं पाणी सोडायचं, ते खाचांत उतरतं आणि केस सुटे दिसतात. एकाची दाढी मी अण्णांच्या मिशांच्या रंगाची केली, एकाची आपल्या वाडीतल्या मेंढक्याची. पायाखाली मालेची माती, चाळून.

फक्त कप्तान नव्हता. विकत मिळतो, पण मला दुसरा नको होता. मग मी काय केलं असेल? पूजेत गणपती नसला की काय ठेवायचीस? सुपारी. एका लोखंडी वॉशरवर सुपारी चिकटवली, तिला निळा अंगरखा रंगवला आणि फौजेपुढे ठेवली. पोरं आधी पोट धरून हसली. "ताई, हा काय प्रकार आहे? प्रॉक्सी आहे का?" मी म्हटलं, "कप्तान घरी पूजेला बसलाय, तोवर हा." तेवढं खरं सांगितलं. पुढं पुढं तीच पोरं "सुपारीला मारा आधी, नाहीतर बुटके हलणार नाहीत" असं ओरडायला लागली. सुपारी फार चांगली लढली.

दादाचा फोन झाला त्या शनिवारी मी मालेला गेले. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. माझा आहे, मला दे म्हणावं, तर तुझं बिंग फुटतं. गप्प बसावं, तर कप्तान पाण्यात. स्कूटरवर सगळा रस्ता हेच. घरात पाऊल टाकलं तर दादा मलाच बोलवत होता, "हिकडं ये, हिकडं ये, नवं द्येव बघ." काचेमागे चांदी चमकत होती. देवी, खंडोबा, आणि शेवटी...

आई, सोनारानं हुबेहूब केलाय. दादानं जुने नमुने देऊन सांगितलं होतं, हाय तसंच करा. चांदीच्या पत्र्यावर कुऱ्हाड, टोप, गुडघ्यापर्यंत दाढी, आणि मध्ये तो बटाटा. दादा छाती काढून म्हणाला, "सोनार म्हनला, असला वीर कुटंच बघितला न्हाई. लई जुनं घरानं असनार तुमचं." मी पदर तोंडाला लावला. तो माझ्याकडे बघून हळवा झाला आणि म्हणाला, "अण्णांचं नाक हाय का न्हाई?" मी म्हटलं, "हाय."

निघताना वहिनीनं लाल फडक्यात जुने देव बांधून दिले. माझ्या वाटेवर नदी, म्हणून सोडायचं काम माझ्याकडे. माझा जीव भांड्यात पडला. गाठ मारता मारता ती म्हणाली, "वन्सं, येक इचारू? आत्याबाईंनी मला देव घासायला शिकवलं तवा सांगितलं हुतं, वीराची पाठ घासायची न्हाई. पुढनं घास, पाठीला हात लावू नगं. त्ये का?"

मी म्हटलं, "तू विचारलं नाहीस?"

"न्हाई बा. म्हनलं घरान्याची रीत असंल. म्या आजपातूर लावला न्हाई. आता सूनबाईलाबी सांगितलंय, नव्या वीराचीबी पाठ घासायची न्हाई."

नदीवर न थांबता घरी येऊन मी फडक्याची गाठ सोडली. तो कायम भिंतीला पाठ लावून उभा असायचा, त्यामुळे त्याची पाठ मी त्या दिवसापासून पाहिलीच नव्हती. टेबलावरच्या दिव्याखाली उलटा केला. आई, पाठ निळी आहे. खिडकीचा निळा. काडीचे ओरखडे तसेच, एका जागी माझ्या अंगठ्याचा ठसा. तू फक्त पुढून घासला होतास. पुढचा दिसणार होता म्हणून. पाठीवरचा माझा रंग तू ठेवलास, आणि पुन्हा सुनेला सांगून ठेवलंस. मला मात्र सांगितलं नाहीस. का गं? मी तोंड फुगवून होते म्हणून? मी ढसाढसा रडले, या वयात, हातात एक बुटका घेऊन.

आता पुढची बाजू रंगवलीय. कुऱ्हाडीला चंदेरी, दाढी पांढरी, नाकाचा शेंडा लाल. हळद टोपाच्या खाचेत थोडी राहू दिली. गेल्या रविवारी तो फौजेपुढे उभा राहिला. एक पोरगा वाकून बघत म्हणाला, "ताई, बॅक साइड राहिली वाटतं." मी म्हटलं, "आमच्यात पाठीला हात लावत नाहीत." पोरानं मान डोलावली. मी तो डाव हरले, पण फौज पळाली नाही.

हे पत्र रंगांच्या खोक्यात तळाशी राहील. एक सांगायचं राहिलं. वहिनीचा फोन आला होता, सगळे देव नीट सोडले का विचारायला. मी हो म्हटलं. देव मोजून सोडतात, एकाची जागा रिकामी जाऊ द्यावी असं मला वाटेना. म्हणून वीराच्या जागी फडक्यात मी सुपारी ठेवली होती, निळ्या अंगरख्याची. नमस्कार केला आणि सोडली. वॉशरमुळे लगेच बुडाली.