भावोजींची उशी

३ मार्च
माणसाला डोकं एकच असतं हे मान्य; पण फुप्फुसं कामातून गेलेल्या माणसाला उश्या दोन लागतात, हे या संस्थेला ठाऊक नसावं, याचा मी लेखी निषेध करतो. एका उशीवर आडवं पडलं की श्वास घशातच अडतो. शेवटी शेजारच्या खोलीतल्या भावोजींनी आपली एक उशी उसनी दिली. आमचं दुखणं एकच: मला सिगारेटींनी दिलं, त्यांना सिमेंटच्या कारखान्याने. ताई इथली मोठी डॉक्टर. नव्या उपचाराच्या चाचणीत तिने आम्हा दोघांनाही घेतलंय. कमरेच्या हाडातून स्टेम सेल काढायच्या, वाढवायच्या आणि ज्याच्या त्याला सलाइनमधून परत द्यायच्या. खोली ऐसपैस आहे. चहा मात्र पेशंटइतकाच अशक्त.

७ मार्च
हाडात सुई घातली. ताईने हात धरला होता. लहानपणी मी पडलो की असाच धरायची आणि वर टपली मारायची. आज टपली तेवढी राहिली. भावोजींची सुई कधी, असं विचारलं. होईल रे, म्हणाली.

१९ मार्च
दोघांनाही सलाइन लागलं.

२४ मार्च
भावोजी जिना चढले. मी बाथरूमपर्यंत जाऊन खाली बसलो. शिवाय भावोजींनी विनोद केला. या गृहस्थांनी लग्नाच्या फोटोतही हसायला नकार दिला होता. विनोद चांगला होता. माझाच होता. काल सुचलेला, कुणालाही न सांगितलेला.

२८ मार्च
भिंतीपलीकडून माझा खोकला ऐकू येतो. दोन आखूड, मग शिट्टी. मी खोकत नव्हतो. मला खोकायलाही आता—

३० मार्च
भावोजींनी ताईला ‘फौजदारीण’ अशी हाक मारली. हे नाव मी ठेवलेलं. आम्हा दोघांतलंच. ताई रडली, आनंदाने.
तिला विचारलं. भावोजींना सुई टोचलीच नव्हती. माझ्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी. तिने लपवलं नाही. माझं पांघरूण सारखं करत म्हणाली,
“त्यांच्या हाडात काही उरलंच नव्हतं रे. आणि तू कुठे जातोयस? आहेस की त्यांच्यात.”

२ एप्रिल
विनोद सुचत नाही. पलीकडे हसताहेत — माझं हसू. ताईही हसतेय.
उशी झटकली. अभ्रा सरळ केला. भिंतीला धरत जाऊन भावोजींच्या दाराशी ठेवून आलो. उसनी होती.
आता आडवा होतो. श्वास—