वाटीला वाटी

८ मार्च, रविवार दुपार

ताईंना नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. तुम्हीही बऱ्या असालच, कारण परवा फोनवर तुमचा आवाज चांगला खणखणीत होता. फोन तुमच्या भावाच्या कानाला होता आणि मी स्वयंपाकघरात, तरी "तुझी बायको आईला साखर चारून संपवणार आहे" हे मला स्वच्छ ऐकू आलं.

धाकट्या मावशी येऊन गेल्या, ओट्यावर साखरेचा डबा पाहिला आणि घरी पोचायच्या आत तुम्हाला कळवून मोकळ्या झाल्या. पण ताई, तुम्हाला मला एका शब्दाने विचारता आलं नसतं? इतकी वर्षं आईंचं पथ्य कोण सांभाळतंय?

तुम्ही पाठवलेली पांढरी पावडर मी आईंच्या केकमध्ये घातली होती. "साखरेऐवजी वाटीला वाटी घाल," हे तुमचंच सांगणं. केक असा कडूजार झाला की तुमच्या भावाने उठून चूळ भरली. मग पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली: वाटीभर साखरेला चमचाभर पुरे. चमचाभर घातली, तर केक बसका, पांढराफटक आणि चिवट. साखर काय नुसती गोडीला असते? केकला रंग आणि मऊपणाही तीच देते.

मग तुमचा हुकूम, मध घाल. (मध म्हणजे पथ्याचा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?) वरून करपला, आत कच्चा. दूध कमी करायचं, आच मंद ठेवायची, हे सांगायचं राहिलं, कारण तुम्हालाही ते ठाऊक नव्हतं. खजूर वाटून घातला तेव्हा तुमचा भाऊ म्हणाला, "वीट छान भाजलीये." आई मात्र दर रविवारी एवढासा तुकडा तोंडात टाकून "छान झालाय गं" म्हणायच्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा कर म्हणायच्या.

साखरेचा डबा परत का काढला, ते लिहायचं नव्हतं. पण खुनी ठरून गप्प बसण्याइतकी मी साधी नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी पथ्याचा कागद माझ्या हातातून काढून घेतला. "आता हे राहू दे. आवडेल ते द्या त्यांना." मी खुळी, खूश झाले! जिन्यात तुमच्या भावाचा चेहरा पाहिला तेव्हा कळलं.

आईंनी मला शपथ घातली, "तिला कळवू नकोस, सगळं टाकून धावत येईल." त्यांना ऐकू जाईल म्हणून फोन न करता हे कुरियरने पाठवते आहे. शपथ मोडली, तो दोष माझा.

साखरेचा पहिला केक मस्त फुगला. घेऊन गेले, तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही. मला रागच आला. म्हटलं, "आई, आता तरी पोटभर खा ना!"

तर म्हणतात, "मला कुठे आवडतो केक? तिला आवडायचा. वास सुटला की वाटतं, आत्ता येईल आणि कापायच्या आधीच कोपरा तोडेल."

मला तुमच्याशी कडकडून भांडायचंय, ताई, आणि मी ते सोडणार नाही. मिळेल त्या गाडीने या. पण आधी आईंच्या खोलीत जा.

तुमची,
भावजय